झटका न देण्याचा पगार

पाचोऱ्यात अनोळखी माणसाला दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'कोणाचा रे तू?' आणि दुसरा, 'काय करतो?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 'जिनिंगमधल्या फिटर अण्णांचा' म्हटलं की समोरच्याला ओळख पटते आणि मला चहा मिळतो. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र गेली अठरा वर्षं तो चहा थंड होतो आहे.

सुरुवातीला मी खरं सांगत असे. 'मोशन कंट्रोल.' एका लग्नात शेजारच्या पाटावरच्या आबांनी हे ऐकून हातातला घास खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, 'दवाखाना कुठे टाकला?' पुढची पंधरा मिनिटं त्यांच्या पोटाची हकिगत चालली, तीही वरणबट्टी समोर असताना. आपल्याकडे 'मोशन' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो कंट्रोल करणारा माणूस नेमका जेवताना शेजारी मिळावा ही त्यांना देवाची योजना वाटली. मी इसबगोल सांगून सुटका करून घेतली. नंतर कळलं की गुण आला.

मग मी 'मशीनचं सॉफ्टवेअर करतो' असं सांगायला लागलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी मिक्सर घेऊन आल्या. हल्ली मी नुसतं 'रेघा काढतो' म्हणतो. त्यावर लोक 'मोजणी ऑफिसात लागला का?' असं विचारून शेताच्या बांधाची भांडणं सांगतात. ती ऐकायला निदान बरी असतात.

पण रेघा काढतो हे खोटं नाही. माझं पोट खरोखर एका रेघेवर चालतं. मशीनमधला एखादा भाग इथून तिथे जायचा असतो. कुठून निघायचं ते ठरलेलं असतं, कुठे पोचायचं तेही ठरलेलं असतं, त्यावर कुणाचाच वाद नसतो. वाद असतो तो मधल्या वाटेचा. कधी निघायचं, किती सावकाश उठायचं, कुठे पळायचं, कुठे दम धरायचा आणि टेकताना कसं टेकायचं. ही मधली वाट मी कॉम्प्युटरवर काढून देतो. तिला कॅम कर्व्ह म्हणतात.

मुळात कॅम ही हातात घ्यायची वस्तू. लोखंडाचा एक वेडावाकडा गोल. तो फिरला की त्याच्यावर टेकलेला दांडा वरखाली होतो. गोलाचा फुगवटा कुठे आणि किती, त्यावर दांड्याची चाल ठरते. विहिरीवरच्या ऑइल इंजिनात तो होता. व्हॉल्व्ह उघडायचा-मिटायचा हुकूम तोच द्यायचा. खानदेशातल्या मागच्या पिढीतला प्रत्येक शेतकरी रात्री घरात पडल्या पडल्या इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, की टॅपेट ढिले झालेत. सकाळी मिस्त्री दाढीचं ब्लेड खुपसून ते नीट करायचा आणि त्याच ब्लेडने संध्याकाळी दाढी करायचा.

आईच्या काळ्या शिलाई मशीनीतही एक कॅम आहे. लहानपणी मी मशीनच्या तोंडाजवळची पत्री उघडून तो पाहिला होता आणि मार खाल्ला होता. तिथे एक छोटं पिंप असतं, त्याच्या अंगाभोवती एक नागमोडी खाच कोरलेली असते, आणि दोरा ओढणाऱ्या आकड्याचं शेपूट त्या खाचेत अडकवलेलं असतं. पिंप फिरलं की आकडा वरखाली. पण कसा? खाली येताना सावकाश, सुईला दोरा पुरवत पुरवत. वर जाताना एकदम झपकन, टाका आवळून. आकड्याच्या दोन्ही फेऱ्यांचं अंतर तेवढंच, पण उतरायला वेळ जास्त आणि चढायला कमी. ज्याने ती खाच पहिल्यांदा कोरली त्याला शिवण काय असतं ते बोटांनी ठाऊक असणार.

आणि अण्णा. जिनिंगमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. कपाशीचा हंगाम सुरू झाला की ते घरी नुसते आंघोळीला यायचे. रोलर जिनमधली हलती पट्टी सतत मागेपुढे नाचत सरकी झटकून टाकते, रुई रोलरला धरून पुढे जाते. पट्टी नाचवायचं काम एक्सेंट्रिकचं, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकतीचं. ही कॅमची साधीभोळी चुलतबहीण. मशीन थांबलं की दलाल, व्यापारी, बैलगाड्या, सगळं थांबायचं, आणि मग अण्णांना जो मान मिळायचा तो मला आजवर कुठल्याही मीटिंगमध्ये मिळालेला नाही. सुटा भाग मुंबईहून यायला आठवडा लागायचा. अण्णा तो कानशीने घासून संध्याकाळपर्यंत उभा करायचे. निळं लावायचं, फिरवून बघायचं, जिथे निळं पुसलं तिथे घासायचं, पुन्हा निळं.

२०२०च्या मार्चमध्ये मी पुण्याहून लॅपटॉप आणि दोन शर्ट घेऊन पाचोऱ्याला आलो, तेव्हा अण्णांनी माझं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं.

'हे काय?'

'कॅम.'

'दे इकडे.'

आता स्क्रीनवरचा कॅम कसा देणार? मी समजावलं की आता लोखंड लागत नाही. प्रत्येक दांड्याला स्वतःची सर्वो मोटर असते. कॅम म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता. मास्टर इतक्या अंशांवर असेल तेव्हा स्लेव्हने इतक्या मिलिमीटरवर असायचं, बस. घासायचं नाही, झिजायचं नाही. चाल बदलायची तर माउसने बिंदू ओढायचा.

'मास्टर कुठे आहे?'

इथे मी जरा अडकलो. कारण हल्ली मास्टर नसतोच. त्याला व्हर्च्युअल मास्टर म्हणतात. तो कंट्रोलरच्या मेंदूत शून्य ते तीनशे साठ अंश असा नुसता मोजत बसतो आणि बाकी सगळ्या मोटरी त्याच्या तालावर धावतात. अण्णा हसले. 'म्हणजे सोसायटीच्या चेअरमनसारखा. कोणी पाहिला नाही, पण सह्या त्याच्याच नावाने.' मोशन कंट्रोलवर मी जाडजाड मॅन्युअलं वाचली आहेत. व्हर्च्युअल मास्टरची याहून स्वच्छ व्याख्या मला सापडलेली नाही.

आता झटक्याबद्दल सांगतो, कारण पगार त्याचा आहे.

कॅमच्या सॉफ्टवेअरमध्ये चार आलेख एकाखाली एक दिसतात. सगळ्यांत वर स्थान, त्याखाली वेग, त्याखाली त्वरण आणि तळाला झटका, इंग्रजीतला 'जर्क'. प्रत्येक आलेख वरचा किती वेगाने बदलतो ते सांगतो, म्हणजे वरच्याचं अवकलज आणि वरच्याचा चुगलखोर. वरचा आलेख बघावा तर किती गुळगुळीत, डोंगराच्या उतारासारखा. खाली उतरत जावं तसतसं त्याचं खरं रूप बाहेर पडतं. वेग आपल्या अंगाला कळत नाही. मेल एक्स्प्रेस पाचोऱ्यावरून न थांबता जाते तेव्हा आतला माणूस झोपलेलाच असतो. त्वरण पाठीला कळतं. झटका मात्र मानेला कळतो. एसटीत उभं राहून पाचोरा ते भडगाव केलेल्या माणसाला तिसरं अवकलज शिकवावं लागत नाही. ड्रायव्हर ब्रेक दाबतो तेव्हा आपण पुढे झुकतो, ते चालतं. गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी ब्रेकचा जोर एकाएकी सुटतो आणि सगळी गाडी मागे फेकली जाते, तो झटका. चांगला ड्रायव्हर थांबायच्या आधी ब्रेकवरचा पाय हळूच सैल करतो. ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं. बहुतेक त्याची आई पुढच्या सीटवर बसत असावी.

झटक्याचंही अवकलज निघतं. त्याच्या पुढचंही, आणि त्याच्या पुढचंही. या तिघांना इंग्रजीत स्नॅप, क्रॅकल आणि पॉप म्हणतात. मी थट्टा करत नाही. केलॉग्जच्या तांदळाच्या कुरकुऱ्यांच्या जाहिरातीत दुधात पडल्यावर आवाज करणारे तीन बुटके आहेत, त्यांची ही नावं. जगातल्या एवढ्या गंभीर गणितज्ञांना नाव सुचेना म्हणून त्यांनी नाश्त्याच्या डब्याकडे पाहिलं. आपल्या आयांना विचारलं असतं तर फोडणीकडे पाहून तडतड, चुर्र आणि खमंग अशी नावं मिळाली असती, आणि क्रमही बरोबर आला असता.

झटक्याचं माहेर पाचोऱ्यात एकच. पीजे. पाचोरा ते जामनेर, ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची, ५६ किलोमीटरची गाडी. १९१९च्या सुमाराला जामनेरला पोचली आणि २०२०च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटली नाही. आता तिथे ब्रॉडगेज व्हायचं आहे. ५६ किलोमीटरला किती वेळ लागायचा हे गाडीच्या मनावर होतं. वरखेडीच्या पुढे उतरून शेतातल्या शेंगा तोडून पुन्हा चढता यायचं असं गावात प्रत्येक जण सांगतो, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत शेंगा तोडणारा त्याचा काकाच असतो. मी पाहिलेली गोष्ट एवढीच, की गाडी सुटताना इंजिन आधी सुटायचं, मग पहिला डबा ठक, दुसरा ठक, तिसरा ठक, असे डबे एकेक करून जागे व्हायचे. शेवटच्या डब्यात बसलं की झटका येतोय हे कानाला आधी कळायचं. आम्ही पोरं हातातल्या कुल्फीचा हात आधीच सैल सोडायचो. पुढे पुण्यात मला 'फीड फॉरवर्ड' नावाचा धडा दोन दिवस शिकवला. येणारी चाल आधी कळली तर मोटरला आधीच तयार ठेवायचं, असा त्याचा अर्थ. मला तो कुल्फीवरून येत होता.

रेल्वेवाले हेच काम कधीपासून करत आलेत, फक्त त्यांचा कॅम जमिनीवर आडवा पडलेला असतो. सरळ रूळ संपला आणि लगेच गोल वळण सुरू झालं, असं ते करत नाहीत. मध्ये एक तुकडा घालतात, ज्यात वळण शून्यापासून हळूहळू वाढतं. आपल्या रेल्वेत या तुकड्याचा आकार क्युबिक पॅराबोला असतो. वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो, तोही एकदम उचलत नाहीत. गाडी धावत असताना ती उंची सेकंदाला साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा जलद बदलू नये असा दंडक आहे. ही झटक्याचीच मर्यादा, फक्त ती मिलिमीटरात लिहिलेली आहे. वरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्याचा चष्मा पडू नये म्हणून कोणीतरी इंजिनियर आयुष्यभर हिशेब करतो, आणि म्हातारा सकाळी उठून चहा बेचव होता म्हणतो.

जर्मनांनी तर या मधल्या वाटांचा रीतसर शास्त्रग्रंथच करून ठेवला आहे. व्हीडीआय २१४३. त्यांनी वाटेच्या टोकांचे चार प्रकार पाडले: विश्रांती, एकसारखा वेग, उलट फिरणं आणि 'यांपैकी काही नाही'. चार इथले, चार तिथले, सोळा जोड्या. आणि कुठल्या जोडीला कुठली वक्ररेषा शोभते याची यादी. ती पाहून मला आमच्याकडचे गुण जुळवणारे गुरुजी आठवले. पहिला प्रकार 'विश्रांती ते विश्रांती'. जर्मनांना विश्रांतीसाठी नियमावली लागते. मे महिन्यात पाचोऱ्यात दुपारी एक ते चार सगळं गाव विश्रांतीच्या बिंदूवर असतं आणि त्याचा वेग, त्वरण, झटका, तिन्ही शून्य असतात. कुठलीही नियमावली न वाचता.

यातला 'एकसारखा वेग' हा प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याचा सगळ्यांत मोठा जाणकार मला आमच्याच गल्लीत सापडला. जळगाव जिल्हा ठिबकच्या नळ्यांसाठी देशभर ठाऊक आहे. ही नळी मशीनमधून गरम शेवेसारखी अखंड बाहेर येत राहते. ती कापायची तर तिला 'थांब जरा' म्हणता येत नाही. थांबली की मागे प्लॅस्टिकचा गोळा होतो. मग सुरीच नळीबरोबर पळवायची. सुरी मागून येते, नळीचा वेग गाठते, क्षणभर दोघी बरोबरीने चालतात, तेवढ्यात कापते आणि परत जागेवर. त्या क्षणी नळीच्या मते सुरी जागच्या जागी उभी असते. याला फ्लाइंग शिअर म्हणतात. याचा कॅम काढणं किचकट, कारण वेग नुसता गाठून चालत नाही, झटका न देता गाठावा लागतो.

तर आमच्या गल्लीतले नाना लग्नात वरण वाढायचे. डाव्या हातात बादली, उजव्या हातात डाव, आणि पाचशे पानांची पंगत. नवशिक्या वाढपी पानापाशी थांबतो, ओततो, पुढे जातो, थांबतो. थांबला की बादलीतलं वरण पुढे हिंदकळून त्याच्याच पायावर. नाना कधीच थांबत नसत. ते चालतच राहायचे आणि डावाचा हात तेवढ्याच वेगाने मागे सरकवायचे. त्यामुळे पाय पुढे, हात मागे आणि डाव पानावर हवेत स्थिर. वरण अगदी बट्टीच्या कुस्करलेल्या खळग्यात. डाव रिकामा झाला की मनगट झोकात पुढे, तोवर पुढचं पान आलेलं. मी एकदा मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ घेऊन तो सावकाश लावून पाहिला. हाताचा वेग पायाच्या वेगाशी जुळत होता आणि कुठेही कोपरा नव्हता. नाना म्हणाले, 'इतकं काय बघतो त्यात? पायावर गरम वरण सांडलं की आपोआप येतं.'

आता डाळीची गोष्ट. ही माझ्या फजितीची असल्याने लांबणीवर टाकली असती तर बरं, पण टाळता येत नाही.

ओळखीच्या एका शेठनी डाळ पॅकिंगचं जुनं मशीन घेतलं. त्यात कॅम लोखंडी होते आणि झिजलेले होते. ते काढून सर्वो बसवायचे ठरले. शेठ म्हणाले, 'भाऊ, तू गावातलाच. पुण्याचा माणूस कशाला बोलवायचा?' यात कौतुक किती आणि काटकसर किती, हे मी तपासलं नाही.

मशीन साधं. वरून प्लॅस्टिकची पट्टी नळीसारखी वळून खाली येते, खाली दोन गरम जबडे ती दाबून चिकटवतात, वरून एक किलो तूरडाळ पडते, जबडे उघडतात, पट्टी एका पिशवीएवढी खाली ओढली जाते, जबडे पुन्हा मिटतात, सुरी कापते. शेठना मिनिटाला ६० पिशव्या हव्या होत्या. म्हणजे एका पिशवीला एक सेकंद. त्यातला ०.३५ सेकंद जबडे मिटलेले हवेत, कारण प्लॅस्टिक तापून चिकटायला तेवढा वेळ घेतंच. पट्टी ओढायला ०.४ सेकंद ठेवला. तेवढ्यात ३०० मिलिमीटर. मी पाचव्या घाताची बहुपदी घेतली. या धंद्यातली ती वरणभात, कुठेही चालते. तिच्या हिशेबाने पट्टीचा वेग सेकंदाला १.४ मीटरवर जातो आणि त्वरण १०.८. गुरुत्वाकर्षण ९.८. म्हणजे पट्टी क्षणभर पडत्या दगडापेक्षा जास्त घाईत असते. आणि डाळ? तिला ८० सेंटिमीटर पडायला ०.४ सेकंद लागतात, न्यूटनच्या काळापासून. पट्टीला मी हुकूम देऊ शकतो. डाळीला सॉफ्टवेअर लागू होत नाही.

पहिल्या दिवशी मी जरा हुशारी केली. जबडा मिटताना शेवटी हळू टेकावा म्हणून रेषेत दोन जादा बिंदू टाकले. बहुपदीचा स्वभाव असा, की तिला ठरावीक बिंदूंतून जायला लावलं की ती जाते, पण मधल्या वेळात रागाने बाहेर झुकते. स्क्रीनवर ती शून्याखाली नखभर फुगली होती. मला ती छान वळणदार वाटली. शून्याखाली म्हणजे मिटलेला जबडा आणखी मिटणार, म्हणजे समोरच्या जबड्याच्या आत. मोठा आवाज झाला, फ्यूज गेला, पिशवी उभी फाटली आणि हॉपरचं झाकण उघडंच राहिल्याने डाळ येत राहिली. शेडमध्ये घोट्याएवढी डाळ. ऑपरेटर पोरगा एवढंच म्हणाला, 'सर, फोडणी टाकू का?'

बिंदू काढले, मशीन चाललं, ६० पिशव्याही झाल्या. पण एक ठोका राहिला. दर पिशवीला एक बारीक 'टक्'. मी चारही आलेख मोठे करून पाहिले, रेषा इकडून तिकडे तुपासारखी. बोल्ट आवळले, पट्टे बदलले, बेअरिंगवर संशय घेतला, शेवटी शेडखालच्या जमिनीवरही घेतला. तीन दिवस गेले. शेठ रोज येऊन काहीच बोलत नव्हते, ते जास्त लागत होतं.

चौथ्या दिवशी अण्णा म्हणाले, 'मी येऊ का?' स्कूटरवर मागे बसून आले. लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. जागा बदलत बदलत जबड्याच्या मोटरपाशी आले.

'इथे आहे. उघडताना. अर्ध्यात जरासा थांबतो आणि पुन्हा निघतो.'

'अण्णा, अर्ध्यात तो थांबत नाही. हे बघा आलेख.'

'याचा छापील कागद दे.'

डाळीची बिलं छापायच्या प्रिंटरवर मी स्थानाचा आलेख छापला. अण्णांनी त्याकडे एकदा पाहिलं आणि कागदाची सुरळी केली. उजवी कड डाव्या कडेला भिडवून अंगठ्याने दाबली आणि माझ्यासमोर धरली. आईच्या मशीनमधलं ते पिंप. तशीच खाच, तशीच गोल फिरून आलेली. आणि जिथे दोन कडा जुळल्या तिथे रेषेला एक स्पष्ट कोपरा. एका बाजूने रेषा चढत येत होती आणि दुसऱ्या बाजूने सपाट निघत होती.

'कॅम गोल असतो रे,' अण्णा म्हणाले. 'तू पापडासारखा लाटून पाहतो.'

झालं होतं असं, की मी मास्टरचं शून्य जबडा उघडण्याच्या मधोमध धरलं होतं. सॉफ्टवेअरने पहिल्या तुकड्याचा सुरुवातीचा वेग स्वतःहून शून्य भरून ठेवला आणि शेवटच्या तुकड्याचा मी बरोबर लिहिला. तीनशे साठवर जबडा धावत यायचा आणि शून्यावर त्याला कोणीतरी उभा राहा म्हणायचं. तीनशे साठ आणि शून्य एकच जागा, पण स्क्रीनवर एक डाव्या काठाला आणि एक उजव्या काठाला, एकमेकांपासून हातभर लांब. त्वरणाच्या आलेखातला खिळा काठाच्या चौकटीवरच उभा होता. मी तीन दिवस त्याला चौकट समजत होतो.

एका चौकोनात एक आकडा बदलला. ठोका गेला. मशीन नुसतं श्वास घेतल्यासारखं चालायला लागलं. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर पुन्हा कानाला लावला, मान हलवली आणि तो माझ्याच टूलबॉक्समध्ये ठेवायच्या ऐवजी स्वतःच्या खिशात घातला. फी असावी. सुरळीचा कागद आईने नंतर शेंगदाणे भाजून ठेवायला घेतला.

शेठ आले. कान देऊन ऐकलं. चेहऱ्यावर चार दिवसांनी तेज आलं. मी त्यांना आपण होऊन सांगायला लागलो, की वेळ अर्धा केला तर वेग दुप्पट होतो, त्वरण चौपट आणि झटका आठपट. की चिकटायचा वेळ प्लॅस्टिक कमी करू देत नाही, म्हणून ६० वरून ७० वर गेलं तरी सगळी कात्री पट्टीच्या वाट्याला येते आणि तिचा झटका दुपटीच्या वर जातो. की डाळ तर पडायला तेवढाच वेळ घेणार. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधूनमधून 'बरोबर आहे' म्हणत होते. चहा आला. त्यांनी आधी अण्णांना दिला, मग मला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

'भाऊ, मस्तच झालं काम,' ते म्हणाले. 'आता फक्त सत्तर कर.'